प्रदर्शनासाठी अणुविद्युत मॉडेल: कैगा करायचंय की कुडनकुलम?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या शाळांत विज्ञान प्रदर्शन आलं की अणुभट्टीचं एक तरी मॉडेल असतंच, आणि त्यावर हमखास ‘कैगा’ (कर्नाटकातलं अणुवीज केंद्र) लिहिलेलं असतं. आत मात्र चित्र दाबयुक्त पाण्याच्या भट्टीचं, म्हणजे तमिळनाडूतल्या कुडनकुलम केंद्राच्या जातीचं असतं. कैगात २२० मेगावॅटच्या चार भट्ट्या आहेत, त्या जड पाण्याच्या (म्हणजे ज्यातला हायड्रोजन जड प्रकारचा असतो अशा पाण्याच्या). तिथं इंधन ३०६ आडव्या नळ्यांत असतं, भट्टी चालू असतानाच बदलतात, आणि दाब राखण्यासाठी कुडनकुलमसारखं प्रेशरायझर नसतं. म्हणून आधी ठरवा. इथं सांगितलेलं मॉडेल कुडनकुलमचं आहे. फलकावर तेच नाव घाला.

मॉडेलनं एकच गोष्ट नीट दाखवली तरी पुरे: तीन पाणी एकमेकांत कधीच मिसळत नाहीत. पहिलं पाणी गाभ्यातली, म्हणजे इंधन असलेल्या भागातली, उष्णता घेतं. ते सुमारे १५७ बार (हवेच्या दाबाच्या जवळपास १५५ पट) दाबाखाली असल्यानं ३२० अंशांनाही उकळत नाही. दुसऱ्याची स्टीम जनरेटरात वाफ होते आणि ती टर्बाइन फिरवते. तिसरं कंडेन्सरात त्या वाफेचं पुन्हा पाणी करतं. कुडनकुलमला हे तिसरं पाणी समुद्राचं, कैगाला काळी नदीवरच्या कद्रा जलाशयाचं. कैगाला उंच कूलिंग टॉवर नाहीत, तेव्हा चित्रातही काढू नका.

सामान: घट्ट फिरकीच्या झाकणाचा २ लिटरचा स्टीलचा कॅन (गाभा), त्याहून थोडा मोठा उघडा डबा (स्टीम जनरेटर), पाव इंची मऊ तांब्याची ३ मीटर नळी, ६ मि.मी. आतल्या व्यासाची सिलिकॉन नळी, क्लिपा, दोन्ही तोंडांना नळी जोडता येईल असा १२ व्होल्टचा छोटा डीसी पंप, दोन थर्मामीटर, आणि १६ मि.मी. आतल्या व्यासाची ३० सें.मी. पारदर्शक नळी. तांब्याची नळी फ्रिज-एसी दुरुस्तीवाल्यांकडे मिळते. पंपावर ६० अंश किंवा जास्त लिहिलंय का ते घेतानाच बघा. साधी पीव्हीसी नळी गरम पाण्यानं मऊ पडून निसटते. चार पैसे वाचवायला ती घेऊ नका.

तांब्याची नळी सरळ वाकवली तर चेपते. आधी तिच्यात बारीक कोरडं मीठ ठासून भरा, दोन्ही तोंडं बंद करा, ६ सें.मी. जाड पाइपाभोवती गुंडाळा. साधारण १४ वेढे होतात. मग मीठ पाण्यानं धुऊन काढा. वेटोळं उघड्या डब्यात ठेवा. कॅनच्या तळाजवळून पाणी पंपात, पंपातून वेटोळ्यात, तिथून परत कॅनमध्ये, असा मार्ग जोडा.

पारदर्शक नळी झाकणात उभी बसवा, हे तुमचं प्रेशरायझर. तिचं खालचं तोंड झाकणाच्या आतल्या पृष्ठाशी सपाट हवं. खाली घुसलं तर झाकणाखाली हवा अडकते आणि पुढचं मोजमाप चुकतं. वरचं तोंड मात्र कायम उघडं ठेवा. बंद भांड्यात पाणी उकळवून ‘खरा दाब’ दाखवायला जाऊ नका. कुकरच्या शिट्टीवर टर्बाइन फिरवणंही नको, मुलं समोर उभी असतात.

किटलीत पाणी ६० अंशांपर्यंत तापवा, खायचा लाल रंग घाला, कॅन काठोकाठ भरा. पंप चालू करून नळ्या टिचक्या मारत हलवा, हवा निघू द्या. वेटोळ्यात हवा अडकली की पंप गुरगुरतो पण पाणी फिरत नाही. उभ्या नळीत दोन-तृतीयांश पाणी भरून खूण करा. मग डब्यात २ लिटर नळाचं पाणी घाला.

ते २८ अंशांवर असेल तर दोन्ही पाणी ४४ च्या आसपास भेटायला हवीत. हवेत जाणाऱ्या उष्णतेमुळं थोडं कमी येईल. तेवढ्यात उभ्या नळीतली पातळी ६-७ सें.मी. उतरते, कारण थंड होताना पाणी आकसतं. खऱ्या प्रेशरायझरचं काम परीक्षकांना इथंच दाखवा: वरच्या भागात वाफ असते, दाब उतरला की खालचे हीटर वाफ वाढवतात, चढला की वरून पाण्याचा फवारा ती आकसवतो.

टर्बाइनसाठी जुन्या प्रिंटरातली डीसी मोटर घ्या, पातं लावा, हेअर ड्रायरच्या थंड हवेनं फिरवा, लाल एलईडी जोडा. टेपरेकॉर्डरची मोटर नको, तिच्यात वेग राखणारं सर्किट असतं. एलईडी पेटला नाही तर तारा उलटून बघा. ‘इथं हवा वाफेच्या जागी आहे’ असं स्पष्ट लिहा.

फलकांवर मराठीखाली कन्नड नावंही घाला, परीक्षक दोन्हीकडचे असतात. त्यांचा नेहमीचा प्रश्न: भट्टी बंद केली की संपलं का? नाही. अणू फुटण्याची साखळी थांबवणाऱ्या नियंत्रक कांड्या पडल्यावरही, फुटलेल्या अणूंच्या तुकड्यांच्या विघटनाची उष्णता चालूच राहते, सुरुवातीला पूर्ण उष्णतेच्या सहा-सात टक्के. कुडनकुलमच्या ३००० मेगावॅट उष्णतेच्या भट्टीत ती सुमारे २०० मेगावॅट होते. म्हणून बंद भट्टीतही पाणी फिरवत राहावं लागतं. पंपाला वेगळी बॅटरी जोडा आणि अडॅप्टर काढूनही तो फिरत राहतो हे उत्तरादाखल करून दाखवा.