नाशिक जिल्ह्यात घराण्याच्या जुन्या नोंदी कशा शोधायच्या, आणि त्यात घरातल्या बायका कुठे सापडतात

माझ्याकडे लोक मोडी कागद वाचून घ्यायला येतात. बहुतेकांच्या पिशवीत घरी काढलेली वंशावळ असते. वर मूळ पुरुष, खाली त्याचे मुलगे, मग त्यांचे मुलगे. सहा-सात पिढ्या उतरत येतात आणि त्यात एकही बाई नसते. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "बायकांच्या नोंदी कुठे असणार, ताई?" असतात. सरकारी दप्तरातच असतात, फक्त कोणता कागद मागायचा आणि कोणता रकाना बघायचा हे माहीत हवं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात घरातल्या म्हाताऱ्या बायकांपासून करा. आजी, चुलत आजी, आत्या. "आपलं घराणं कुठलं?" असं विचारू नका, त्यावर ऐकीव गोष्टी निघतात. पणजीचं माहेरचं नाव काय, सासरी कोणतं नाव ठेवलं, माहेर कोणत्या गावचं, दिवाळीला माहेरी न्यायला मुराळी म्हणून कोण यायचं, हे विचारा. मुराळ्याच्या प्रश्नाला भावाचं नाव हमखास निघतं, आणि भाऊ सापडला की माहेरचं दप्तर उघडतं. लग्नात नाव बदललेलं असेल तर दोन्ही नावं लिहून ठेवा. एकच बाई माहेरच्या कागदात एका नावाने आणि सासरच्या कागदात दुसऱ्या नावाने असते.

आडनावावर फार विसंबू नका. जुन्या नोंदींत पुष्कळदा आडनावच नसतं, नुसतं "राणू बिन सटवा", म्हणजे सटवाचा मुलगा राणू, एवढंच. तेव्हा गाव आणि तालुका पक्का करा, तोही त्या काळचा. देवळा आणि त्र्यंबकेश्वर हे तालुके 1999 साली झाले, त्यामुळे तिथल्या गावांचे जुने कागद आधीच्या तालुक्याच्या दप्तरात असू शकतात. नाशिक जिल्हाच मुळात 1869 चा. त्याआधी मालेगाव, बागलाण खानदेशात होते. सुरगाणा 1948 पर्यंत संस्थान होतं.

जमीन असेल तर आजचा सातबारा हेच दार. तो महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या दिसतो. नावं वाचून थांबू नका, त्यावर दिलेले जुने फेरफार क्रमांक एका कागदावर उतरवून घ्या. प्रत्येक क्रमांक म्हणजे कधीतरी झालेला बदल: कोणी वारलं, वाटणी झाली, जमीन गहाण पडली किंवा सुटली. आपल्या जिल्ह्याचे बरेच जुने सातबारे आणि फेरफार 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवले आहेत, आधी तिथे बघा. तिथे नसेल तर तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करा. अर्जात गाव, तालुका, गट नंबर आणि फेरफार क्रमांक स्पष्ट लिहा. "आमच्या घराण्याची सगळी कागदपत्रं मिळावीत" असा अर्ज पडूनच राहतो, आणि त्यात कारकुनाचाही दोष नसतो.

इथे एक अडचण नक्की येते. विखुरलेल्या जमिनींचं एकत्रीकरण झालेल्या गावांत जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. एकत्रीकरणाचा कायदा 1947 चा, पण प्रत्यक्ष गट कोणत्या गावात कधी पडले ते वेगवेगळं. तेव्हा तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात जाऊन गटाचा जुना सर्व्हे नंबर कोणता, हे दाखवणारा एकत्रीकरणाचा उतारा घ्या. तो नसेल तर त्याआधीचं काहीच जुळत नाही.

आता मुद्द्याचं. फेरफार हातात आला की शेवटपर्यंत वाचा. "खातेदार मयत, वारस खालीलप्रमाणे" या ओळीखाली विधवेचं नाव असतं. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंतरच्या नोंदींत मुलींचीही नावं येतात. वारसांसाठी गाव नमुना 6-क ही वेगळी नोंदवहीच असते, ती आवर्जून मागा. सातबाऱ्यावर "अ.पा.क. आई" असं दिसलं तर थांबा. म्हणजे खातेदार अज्ञान, वयाने लहान होता, आई त्याची पालनकर्ती होती, आणि तिचं नाव तिथेच पुढे लिहिलेलं असतं. "ए.कु.मॅ." दिसलं तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. नाव थोरल्याचं, पण मागे बाकीचे भाऊ आहेत, त्यांना पुढच्या वाटणीच्या फेरफारात शोधा.

सगळ्यात मोलाचा कागद मात्र हक्कसोडीचा. बहिणींनी भावांच्या नावे हिस्सा सोडला की त्याचा फेरफार होतो, आणि त्यात प्रत्येक बहिणीचं सासरचं पूर्ण नाव आणि राहण्याचं गाव असतं. घरी कोणालाच आठवत नसलेली आजोबांची बहीण निफाडला दिली की येवल्याला, हे तिथे कळतं. जिने जमिनीवरचं नाव काढून दिलं तिचा ठावठिकाणा त्याच कागदात राहिला आहे. हे वाचताना मला आजही गलबलून येतं. तुमच्या घरच्या अशा फेरफाराची नक्कल नुसती फाइलला लावू नका, त्या गावी जाऊन चौकशी करा.

ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांनी निराश होऊ नये. गाव नमुना 14, म्हणजे ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात, त्यात जमीन असो नसो, गावातल्या जन्म-मृत्यूची नोंद होत असे. 1969 चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा लागू होण्याआधीची ही पुस्तकं तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. 2023 पासून कुणबी नोंदींसाठी ती पुन्हा उघडली गेली, त्यामुळे कर्मचाऱ्यांना आता ती कुठे आहेत हे ठाऊक असतं. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतं, नुसतं "अमक्यास मुलगी". म्हणून बापाच्या आणि आजोबाच्या नावाने शोधा, आणि अंदाजे सालाच्या मागेपुढे चार-पाच वर्षं पानं उलटा. मृत्यूच्या नोंदीत वय आणि कारण असतं. 1918 च्या मानमोडीच्या (इन्फ्लुएंझाच्या) साथीची पानं काढलीत तर सावकाश वाचा. "ताप", "ताप", "ताप" असं खाली उतरत जातं, आणि त्यात तुमच्या घरची एखादी बाळंतीण असू शकते.

बायकांच्या नावापुढे "कोम" असेल तर पुढचं नाव नवऱ्याचं. "भ्र." म्हणजे भ्रतार, तेही नवऱ्याचंच. "बिन" किंवा "वलद" असेल तर बापाचं. साल शके असेल तर 78 मिळवा: शके 1840 म्हणजे 1918-19. फसली, म्हणजे महसुली साल असेल तर 590 मिळवा. स्वातंत्र्यापूर्वीची पुष्कळ पानं मोडीत असतात, तेव्हा उजेडात, पान सपाट धरून पूर्ण पानाचा फोटो घ्यायची परवानगी मागा. आपली एकच ओळ टिपून आणू नका. अक्षर लावायला त्याच लेखकाच्या आजूबाजूच्या ओळी लागतात.

शाळेतला जनरल रजिस्टरचा उतारा सोपा आणि लवकर मिळणारा. फक्त त्यातल्या जन्मतारखेवर विश्वास ठेवू नका. 1 जून ही तारीख गुरुजींनी घातलेली असते. मुलींनाही शाळेत घातलं होतं अशा घरांनी तर तो जरूर काढावा, कारण तिथे लग्नाआधीचं नाव जसंच्या तसं असतं. ख्रिस्ती घरांसाठी चर्चची बाप्तिस्म्याची आणि लग्नाची रजिस्टरं आहेत. नाशिकची शरणपूर वसाहत मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकातच वसवली.

आणि रामकुंड. पंचवटीतल्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळीच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. गावं आणि घराणी उपाध्यायांत वाटलेली असतात, म्हणून घाटावर जाऊन आधी मूळ गाव आणि आडनाव सांगा. तुमचे उपाध्ये कोण, हे तिथेच कोणीतरी दाखवतं. त्र्यंबकेश्वरलाही अशा वह्या आहेत, दोन्हीकडे विचारा. सिंहस्थाच्या वर्षी घराण्यातलं कोणी आलं होतं का, हे आठवून जा: 1956, 1968, 1980. पितृपक्षात आणि अमावास्येला त्यांना मान वर करायला वेळ नसतो. 2027 च्या सिंहस्थाच्या गर्दीत तर जाऊच नका. एखाद्या साध्या दिवशी, दुपारी जा. वही त्यांची आहे आणि त्यांच्या चरितार्थाची आहे, तेव्हा दक्षिणा द्या आणि फोटो विचारूनच काढा.

वहीतला जुना लेख वाचून झाला की उपाध्ये तुमचा नवा लेख घ्यायला वही पुढे करतील. तुम्ही, भाऊ, मुलगे, एवढं सांगून उठू नका. आईचं नाव सांगा, बायकोचं माहेरासकट सांगा, बहिणी आणि लेकी सांगा, आणि लग्न झालेल्या असतील तर कोणत्या गावी दिल्या तेही लिहायला लावा.