तेरावा झाल्यावर माणसं लागतात, ती कशी धरून ठेवायची

आपल्या बेळगाव भागात मातीला माणसं कमी पडत नाहीत. पेपरात रक्षाविसर्जनाची वेळ येते, गल्लीतली पोरं न सांगता मंडप घालतात, शेजारच्या काकू भाताचं पातेलं आणून ठेवतात. मग तेरावा होतो, मंडप सुटतो, पावणे कोल्हापूरला, गोव्याला, पुण्याला परत जातात आणि खरी माणसं लागायला सुरू होतात ती तिथनं पुढं. म्हणून हे लिहितोय ते तेराव्यानंतरच्या दिवसांसाठी.

जाताना प्रत्येकजण म्हणतो "काय लागलं तर सांगा ओ", आणि मनापासून म्हणतो, पण आपण सांगत नाही आणि तो विचारत नाही, दोघंही संकोचात. यावर माझ्या मते एकच उपाय चालतो, माणसाला काम नेमून द्यायचं, छोटं, दिवस आणि वेळ सांगून. मला आधार पाहिजे असं कुणाला सांगवत नाही, पण "दादा, बुधवारी सकाळी तलाठ्याकडं जायचंय, येशील काय, मला एकट्याला जमणार नाही" एवढं टाइप करता येतं. तेवढ्यावर माणूस येतो, वाटेत चहाला थांबतो आणि बोलणंही तिथंच होतं.

कुणाला काय द्यायचं हे वहीच्या मागच्या पानावर लिहून काढा. आपल्याकडं कागदाचं काम म्हणजे कन्नड वाचणारा माणूस आधी शोधायला लागतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते, हॉस्पिटलात वारले तर ते लोक कळवतात पण घरी वारले तर आपल्यालाच जायला लागतं, मग दाखल्याच्या प्रती, बँकेतलं नॉमिनीचं, उताऱ्यावर वारसा लावणं, आणि ज्याचं डोकं आधीच चालत नाही त्यानं हे फॉर्म भरायचे म्हणजे कठीणच की ओ. भाचा नाहीतर शेजारचा रिटायर्ड मास्तर हे आनंदानं करतो. जो बोलायला बरा नाही पण गाडी चालवतो त्याला गाडीचं काम द्या. जी मैत्रीण ऐकून घेते तिला कागदांत अडकवू नका, तिला फक्त संध्याकाळचा फोन सांगा. सगळं एकाच माणसावर टाकलं की तो महिन्याभरात थकतो आणि फोन उचलायचा बंद होतो, त्यात त्याचाही दोष नसतो.

आता अपघात, आत्महत्या, पूर असलं काही अचानक झालेलं असेल तर अजून एक त्रास असतो. भेटायला आलेला प्रत्येकजण चटईवर टेकता टेकताच विचारतो, "कसं झालं ओ?" आणि घरातल्या बाईला तो हायवेवरचा ट्रक, तो फोन, ते हॉस्पिटल परत पहिल्यापासून सांगायला लावतात, तिचं सांगून होतंय तोवर दारात पुढची रिक्षा थांबते. हे बंद करायला घरातला एक धीट माणूस दाराजवळ बसवा, चुलत भाऊ, जावई कोणही, त्यानं बाहेरच थोडक्यात सांगायचं आणि "आत गेल्यावर तेवढं विचारू नका" म्हणायचं. हे उद्धटपणाचं वाटतं पण नाही. नुकताच धक्का बसलेल्या माणसाला सगळं खोदून बोलायला लावू नये हे जागतिक आरोग्य संघटनेचंही सांगणं आहे, त्याला बोलायचं असेल तर ऐकावं, नसेल तर पाणी, जेवण, झोप आणि सोबत बघावी. तुम्हीच त्या जागी असाल तर एक वाक्य पाठ करून ठेवा, "आत्ता ते नको, तुम्ही नुसतं बसा."

बाप्यांचं वेगळं असतं. समोरासमोर बसून मनातलं काढ म्हटलं तर निघत नाही, पण शेतावर पाणी सोडताना, तालमीच्या कट्ट्यावर, देवळात भजन संपल्यावर टाळ गोळा करताना निघतं. म्हणून असल्या मित्राला घरी भेटायला जाण्यापेक्षा "चल, जरा उसाकडं जाऊन येऊया" म्हणा. भजनी मंडळ हे तर आपल्याकडं गावोगावी आहे आणि तिथं दुःखातला माणूस न बोलता बसला तरी कोण विचारत नाही. फक्त "किती दिवस रडणार, आता सावर" म्हणणाऱ्यांपासून लांब बसा. आणि दारूच्या टेबलावरची सोबत मी तरी सोबतीत धरत नाही.

नवरा गेलेल्या बाईची सोबत तर नेमकी त्याच वेळी काढून घेतली जाते, हळदीकुंकवाला बोलावणं नाही, लग्नात मागच्या ओळीत. सीमेपलीकडं शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तिथं होऊ शकतं तर इकडं आपल्या गल्लीत एका बाईला संक्रांतीला आवर्जून बोलवायला ठराव पण लागत नाही. बचत गट असेल तर हप्ता भरायला का होईना ती दर आठवड्याला बाहेर पडते, तेवढ्यासाठी तिचं नाव काढू देऊ नका.

सणाचे दिवस आधीच धरून ठेवा. पहिला गणपती, पहिली दिवाळी, गेलेल्या माणसाचा वाढदिवस. त्या दिवशी कुठं जेवायचं, कोण सोबत असणार हे आदल्या आठवड्यातच सांगून टाका. घरात सण नाही म्हणून पोरांना किल्ला पण करू देत नाहीत काहीजण, मला ते पटत नाही, गल्लीतल्या पोरांबरोबर चिखलात हात घालू दे की त्यांना.

आणि माणसांनी भागत नाही असंही होतं. महिना उलटला तरी तोच प्रसंग डोळ्यासमोर येतो, हॉर्न वाजला की अंग कापतं, झोप नाही, किंवा सहा महिने-वर्ष झालं तरी रोजचं काहीच सुरू होत नाही, तर डॉक्टरकडं जायचं. पहिलं पाऊल म्हणून टेली मानस या मानसिक त्रासासाठीच्या सरकारी फोन सेवेचा १४४१६ नंबर आहे, फुकट, रात्रीपण चालतो, भाषेत मराठी निवडता येते. आपल्या जवळची मोठी सरकारी जागा म्हणजे धारवाडची डिमहान्स ही मानसिक आजारांची संस्था, बेळगावहून बस सारख्या आहेत. काही तालुका हॉस्पिटलात मंगळवारी मानसोपचाराचे डॉक्टर येतात, निघायच्या आधी फोन करून विचारा. जीव द्यायचे विचार येत असतील तर मात्र वाट बघत बसायचं नाही, माणसाला एकटं सोडायचं नाही, कीटकनाशकाची बाटली घरातनं लांब ठेवायची, लगेच १०८ नाहीतर ११२. पोलीस केस होईल म्हणून लपवतात लोक, पण २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा असा प्रयत्न केलेल्याला तणावाखालचा माणूस समजतो, गुन्हेगार नाही.

डॉक्टरकडं जाताना झोप किती, जेवण किती, काय आठवतं, कधीपासून हे चिठ्ठीवर लिहून न्या कारण आत गेलं की रडू येतं आणि निम्मं सांगायचं राहतं. सोबत एकजण न्या. आणि डॉक्टर कन्नडमध्ये बोलायला लागले तर मान हलवत बसू नका, मराठीत सांगा म्हणा, नाहीतर सोबतच्याला आत घेऊन गोळी कधी घ्यायची ते त्याच्याकडनं लिहून घ्या.