नक्कल चित्राची नव्हे, भिंतीची

प्राचीन इजिप्तमधल्या थीब्ज शहराच्या थडग्यांतल्या भिंतीचित्रांची नक्कल शिकायला येणारे बहुतेक जण एक चूक करतात: चित्र 'सुंदर' करतात. आपल्याला उतरवायची असते भिंत. निखळलेला गिलावा, धुराचा डाग, उडालेला निळा, सगळं. नकलाकार नीना डेव्हिस यांनी पती नॉर्मन यांच्यासोबत १९०७ पासून तिथं काम केलं ते अपारदर्शक टेम्पेरात, म्हणजे अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगात, कारण जुन्या रंगाचा जाड, कोरडा थर पारदर्शक जलरंगात येत नाही.

आधी रेषा. रंगवलेल्या भिंतीला कागद टेकवायचा नाही. १९व्या शतकात ओला कागद दाबून ठसे घेतले आणि त्यासोबत रंगही निघून आला. आता मापात बसवलेल्या फोटोवरून १:१ रेखाटन करतात आणि भिंतीसमोर उभं राहून तपासतात. तपासायला मूळ चित्रकारांनी आखलेली चौकोनांची जाळी कामी येते. सुतार सूत मारतो तशी लाल रंगातली दोरी ताणून ती आखलेली असे. इजिप्तच्या 'नव्या राज्या'च्या काळात (इ.स.पू. सुमारे १५५० ते १०७०) उभी आकृती तळपायापासून केसांच्या रेषेपर्यंत १८ चौकोनांची. गुडघा सहाव्याजवळ, खांदा सोळाव्याजवळ. पण मूळ चित्रकार या जाळीबाहेर गेला असेल तर आपणही जायचं. दुरुस्ती करायची नाही.

रंग ओळखीचेच आहेत: गेरू, पिवडी, काजळी, खडू. हरताळ आणि मनशीळही सापडतात. पोथीतली चूक पुसायला हरताळ फासत, तोच हा. दोन्हींत आर्सेनिक असतं, म्हणून त्यांच्या जागी आधुनिक रंग घ्या. इजिप्शियन निळा मात्र खराच मिळवा. तांब्याची ही भाजलेली पूड भरड असेल तर गडद दिसते, बारीक वाटली की फिकी पडते. नवशिके ती घोटत बसतात आणि मग निळा जमत नाही म्हणतात.

अंड्याचा बलक पांढऱ्यापासून वेगळा करा, पडदा टोचून बाटलीत सोडा आणि तेवढंच पाणी घाला. पाण्यात कालवलेल्या रंगात हे मिश्रण साधारण समभाग. सुकल्यावर बोट फिरवून पाहा: पूड लागली तर बलक कमी पडला, तुकतुकी आली तर जास्त झाला. थर पातळच द्या. टेम्पेरा ठिसूळ असतो, म्हणून जाड (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅमचा) कागद फळीवर ताणून घ्या आणि काम झाल्यावर गुंडाळू नका, तडे जातात.

खरी कसोटी रंग जुळवण्याची. ओल्या रंगावरून ठरवू नका. पट्टीवर ठिपका सुकवून तो भिंतीच्या रंगाशी ताडून पाहा. डेव्हिस दांपत्य आरशांनी ऊन आत घेई. ते सरकतं, तसा रंगही बदलतो. दिवा असेल तर एकच ठेवा. बाह्यरेषा शेवटी, एका दमात; थांबत ओढलेली रेषा लगेच ओळखू येते.

मागच्या बाजूला थडग्याचा क्रमांक, भिंत, तारीख, उजेड आणि वापरलेले रंग लिहा. ब्रिटिश अधिकारी रॉबर्ट गिल यांनी केलेल्या अजिंठ्याच्या चित्रांच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. म्हणून नोंदींची एक प्रत नकलेपासून लांब, दुसऱ्या इमारतीत ठेवा.