गाण्यासोबत उजळणारे आणि शांततेत शांत होणारे नाताळचे झाड

मिरजेत डिसेंबरचा दुसरा आठवडा उजाडला की माळ्यावरची खोकी खाली येऊ लागतात. कोणाकडे घडीचे प्लॅस्टिकचे झाड असते, तर कोणी अजूनही सुरूची फांदी आणून ती वाळूने भरलेल्या डब्यात रोवतो. झाड कोणतेही असो, त्यावर चढणारी दिव्यांची माळ मात्र बहुतेक घरांत सारखीच असते. तिच्या डबीवरचे बटण दाबत गेले की ती सात-आठ तऱ्हांनी लुकलुकते, पण समोर पेटी-ढोलकीवर नाताळचे भजन रंगात आलेले असो किंवा घर प्रार्थनेसाठी शांत झालेले असो, तिला त्याचा पत्ता नसतो. घरातले गाणे ऐकून त्याप्रमाणे उजळणारे आणि गाणे थांबले की स्वतःही शांत होणारे झाड कसे तयार करावे, ते येथे सांगितले आहे. यातल्या शांत होण्यावर माझा विशेष भर आहे, कारण नाचणारे दिवे एका संध्याकाळीत जमतात. थांबणारे दिवे जमवायला मला दोन नाताळ लागले.

सहा फुटी झाडाला २०० दिवे पुरतात. त्यासाठी डब्ल्यूएस२८११ या चिपच्या, ५ व्होल्टवर चालणाऱ्या बुलेट माळा (बंदुकीच्या गोळीसारख्या दिव्यांच्या) घ्याव्यात. एका माळेत साधारणपणे ५० दिवे असतात, म्हणजे चार माळा लागतील. चिकटपट्टीसारखी येणारी डब्ल्यूएस२८१२बी एलईडी पट्टी स्वस्त पडते, पण ती ताठ असल्यामुळे फांद्यांतून फिरवताना तिचे सांधे तुटतात, म्हणून झाडासाठी मी ती सुचवणार नाही. या माळांतल्या प्रत्येक दिव्याची स्वतःची चिप असते. कंट्रोलर, म्हणजे दिव्यांना हुकूम देणारा छोटा संगणक, प्रत्येक दिव्यासाठी २४ बिटांचा निरोप पाठवतो, त्यात लाल, हिरव्या आणि निळ्या रंगासाठी आठ-आठ बिट असतात. पहिला दिवा आपल्या वाट्याचे २४ बिट ठेवून घेतो आणि उरलेला निरोप पुढच्याकडे सोपवतो. एका दिव्याचा निरोप ३० मायक्रोसेकंदांत पोहोचतो, म्हणजे दोनशे दिव्यांचे पूर्ण चित्र ६ मिलिसेकंदांत बदलते आणि डोळ्यांना ते एकाच क्षणी बदलल्यासारखे दिसते. हातोहात निरोप देण्याच्या या पद्धतीमुळे मधला एखादा दिवा बिघडला तर त्याच्या पुढचे सगळे ठप्प होतात. अशा वेळी दोष बहुधा पहिल्या न पेटणाऱ्या दिव्यात किंवा त्याच्या अलीकडच्या पेटणाऱ्या दिव्यात असतो. या दोहोंच्या मधले सांधे आधी तपासावेत.

आता विजेकडे वळू, कारण बहुतेकांची फसगत तेथेच होते. एक दिवा पूर्ण पांढरा पेटला की सुमारे ६० मिलिअँपिअर घेतो. दोनशे दिवे मिळून १२ अँपिअर, म्हणजे ५ व्होल्टला ६० वॉट. घरातल्या झाडासाठी एवढा उजेड डोळ्यांना सहनही होत नाही, म्हणून मी ५ व्होल्ट, १० अँपिअरचा पुरवठा वापरतो आणि सॉफ्टवेअरमध्ये ६,००० मिलिअँपिअरची मर्यादा घालतो. उघड्या पत्र्याच्या डब्यातला वीजपुरवठा (एसएमपीएस) स्वस्त मिळतो, परंतु त्याच्या पट्टीवर २३० व्होल्टचे स्क्रू उघडे असतात. घरात लहान मुले असतील तर पूर्ण बंद असलेला, अर्थिंगच्या तीन पिनांचा अडॅप्टरच घ्यावा. ५ व्होल्टच्या धनतारेवर, अडॅप्टरजवळच, मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळणारा साडेसात अँपिअरचा पात्याचा फ्यूज बसवावा.

पहिल्या वर्षी मी चारही माळा एकापुढे एक जोडून वीज फक्त एका टोकाने दिली होती. बुंध्याजवळचे दिवे शुभ्र होते, आणि वर जाता जाता तोच पांढरा पिवळसर, मग तांबूस होत शेंड्यावर अक्षरशः विझायला आला. मल्टिमीटर लावला तेव्हा शेवटच्या दिव्यावर ५ पेक्षा बरेच कमी व्होल्ट उरले होते. लाल एलईडीला सुमारे २ व्होल्ट पुरतात, निळ्याला मात्र ३ च्या आसपास लागतात. त्यामुळे दाब घसरला की आधी निळा मावळतो आणि पांढऱ्याचा तांबूस होतो. यावर एकच उपाय आहे: दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची जोडतार खोडाच्या कडेने वर न्यावी आणि प्रत्येक माळेच्या सुरुवातीला लाल-काळ्या तारांच्या सुट्या शेपट्या तिला जोडाव्यात. या माळांच्या दोन्ही टोकांना अशा शेपट्या याचसाठी दिलेल्या असतात. प्रत्येक सांध्याला सोल्डर करून वर श्रिंक स्लीव्ह (उष्णतेने आकसून घट्ट बसणारी नळी) चढवावी. घडीच्या झाडाच्या फांद्यांत लोखंडी तार असते, तिला उघडा सांधा टेकला तर शॉर्ट व्हायला वेळ लागत नाही. सुरूची फांदी पाण्याच्या बादलीत ठेवणाऱ्यांनी अडॅप्टर आणि सांधे बादलीपासून दूर व उंच ठेवावेत.

कंट्रोलर म्हणून ईएसपी३२ हा छोटा बोर्ड घ्यावा. त्याचा संकेत ३.३ व्होल्टचा असतो, तर ५ व्होल्टवर चालणाऱ्या चिपला खात्रीने समजण्यासाठी साडेतीन व्होल्टच्या वरचा संकेत हवा असतो. कधी कधी जोडणी तशीच चालून जाते आणि ऐन नाताळच्या संध्याकाळी दिवे वेडेवाकडे चमकू लागतात. त्यामुळे मध्ये संकेत ५ व्होल्टपर्यंत उंचावणारी ७४एएचसीटी१२५ ही चिप बसवावी: तिच्या १४ व्या पायाला ५ व्होल्ट, ७ व्या आणि १ ल्या पायाला ग्राउंड (ऋण तार), २ ऱ्या पायाला बोर्डाचा १६ क्रमांकाचा पिन, आणि ३ ऱ्या पायापासून ३३० ओहमच्या रेझिस्टरमधून माळेची डेटा तार. पहिल्या माळेजवळ ५ व्होल्ट आणि ग्राउंडच्या मध्ये १,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा, त्याचे धन-ऋण पाय उलटे होऊ देऊ नयेत. बोर्ड, चिप आणि माळा यांचे ग्राउंड एकमेकांना जोडलेले असलेच पाहिजे. दिवे बिलकूल ऐकत नसतील तर आधी हेच पाहावे. माळेलाही दिशा असते. दिव्यावरचा बाण कंट्रोलरकडून पुढे जाणारा असावा.

सॉफ्टवेअरसाठी डब्ल्यूएलईडी हे विनामूल्य, मुक्तस्रोत फर्मवेअर (बोर्डात भरायचे तयार सॉफ्टवेअर) उत्तम आहे. बोर्ड यूएसबी तारेने संगणकाला जोडून क्रोम ब्राउझरमधूनच ते भरता येते, त्यासाठी एक ओळही प्रोग्रॅम लिहावा लागत नाही. भरल्यावर बोर्ड स्वतःचे वायफाय सुरू करतो. त्याला फोन जोडून ४.३.२.१ हा पत्ता उघडला की घरच्या वायफायची माहिती देता येते. हा बोर्ड २.४ गिगाहर्ट्झचेच वायफाय ओळखतो, हे राउटर नवा असेल तर लक्षात ठेवावे. एलईडीच्या सेटिंगमध्ये संख्या २००, पिन १६ आणि विजेची मर्यादा ६,००० लिहावी. लाल मागितल्यावर हिरवा आला तर घाबरू नये, रंगांचा क्रम बदलावा. बुलेट माळांत तो बहुधा लाल-हिरवा-निळा असतो, पट्ट्यांत हिरवा-लाल-निळा. हे सगळे झाड सजवण्याआधी, माळा जमिनीवर पसरून तपासून घ्यावे.

माळ बुंध्यापासून शेंड्याकडे, वेढ्यांमध्ये साधारण १५ सेंटिमीटर अंतर ठेवून गुंडाळावी. दिव्यांमधील अंतर १० सेंटिमीटर असेल तर चार माळांची लांबी २० मीटर होते; बुंध्याशी मीटरभर रुंद असलेल्या झाडाला तेवढ्यात बारा वेढे बसतात. दर तिसरा दिवा खोडाच्या दिशेने आत ढकलावा, म्हणजे झाडाला खोली येते आणि आतला उजेड पानांतून गाळून बाहेर पडतो. येथे एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. झाड शंकूसारखे असल्यामुळे खालचे वेढे मोठे आणि वरचे लहान असतात, आणि उंचीच्या खालच्या निम्म्या भागातच तीन चतुर्थांश दिवे खर्च होतात. शंभरावा दिवा झाडाच्या मध्यावर नसून बुंध्यापासून जेमतेम ३० टक्के उंचीवर असतो. आवाजाबरोबर चढत जाणारा उजेड 'खालीच अडकतो' अशी तक्रार अनेकजण करतात, तिचे कारण हेच. यासाठी सेटिंगमध्ये झाडाचे तीन सेगमेंट, म्हणजे स्वतंत्रपणे चालणारे भाग, करावेत: उंचीच्या खालच्या एक तृतीयांशाला ० ते १११, मधल्याला १११ ते १७८, आणि शेंड्याला १७८ ते २००. डब्ल्यूएलईडीमध्ये शेवटचा आकडा त्या सेगमेंटमध्ये धरला जात नाही, म्हणून ते आकडे असेच लिहावेत.

आता कान. आयएनएमपी४४१ हा डिजिटल मायक्रोफोन नखाएवढ्या पाटीवर येतो. त्याला ३.३ व्होल्टच द्यावेत, ५ दिले तर तो जळतो. त्याचा एसडी पिन बोर्डाच्या ३२ ला, डब्ल्यूएस १५ ला, एससीके १४ ला आणि एल-आर ग्राउंडला जोडून हेच आकडे डब्ल्यूएलईडीतल्या ऑडिओरिअ‍ॅक्टिव्ह या आवाज ऐकणाऱ्या भागाच्या सेटिंगमध्ये लिहावेत आणि वीज बंद करून पुन्हा सुरू करावी. पाटी डोळ्यांजवळ धरून पाहिली की सुईच्या टोकाएवढे एक भोक दिसते. आवाज आत जाण्याची वाट तीच. सोल्डर करताना त्यावर कागदी टेपचा तुकडा चिकटवावा आणि नंतर आठवणीने काढावा. या मायक्रोफोनच्या तारा १५-२० सेंटिमीटरहून लांब नसाव्यात, त्यामुळे बोर्ड आणि मायक्रोफोन एकाच डबीत, झाडाच्या पुढे, गाणाऱ्यांच्या बाजूला ठेवून फक्त डेटाची तार आणि तिच्या जोडीची ग्राउंडची तार झाडाकडे न्यावी. गाणी ब्लूटूथ स्पीकरवर लावली तरी अडचण येत नाही. स्पीकरचा आवाज उशिरा आला तर तो आपल्या कानांना आणि मायक्रोफोनला सारखाच उशिरा येतो.

बोर्ड आवाजाचे सेकंदाला २२,०५० नमुने घेतो, ५१२ नमुन्यांचा एकेक गठ्ठा करून त्याचे विश्लेषण करतो आणि खर्जापासून तारापर्यंतच्या १६ पट्ट्यांत त्याची वाटणी करतो. इफेक्टांच्या, म्हणजे चमकण्याच्या तयार तऱ्हांच्या, यादीत ज्यांच्या नावापुढे एका स्वराचे चिन्ह असते ते आवाजाच्या लहान-मोठेपणावर चालतात, आणि जोडस्वराचे चिन्ह असलेले या पट्ट्यांवर. आपल्याकडच्या गाण्याला मी पहिल्या प्रकारातले निवडतो. ढोलकीची थाप आली की 'ग्रॅव्हिमीटर' खालच्या फांद्यांत उसळतो आणि हळू खाली येतो. टाळाला मधल्या भागातला 'पडल्स' छान साथ देतो. पेटीचा किंवा तंबोऱ्याचा धरलेला सूर मात्र दिव्यांना हलवत नाही, त्यांना एका पातळीवर तोलून धरतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या गावात ही वाद्ये घडतात तेथे तो स्थिर उजेडही गाण्याचाच भाग आहे, एवढे पाहणाऱ्याला सांगावे लागत नाही. शेंड्याच्या २२ दिव्यांना कोणताही इफेक्ट न देता मंद, उबदार पिवळा ठेवावा, कारण तेथे नाताळची चांदणी आहे.

आता मूळ मुद्दा. पहिल्या वर्षी भजन संपले, आजीने प्रार्थना सुरू केली आणि झाड थरथरू लागले. खोलीत कोणी हालतही नव्हते. फ्रिजचा कॉम्प्रेसर नुकताच सुरू झाला होता, आणि शांतता झाल्यामुळे सॉफ्टवेअरने आपोआप संवेदनशीलता वाढवून तीच घरघर गाणे म्हणून ऐकायला घेतली होती. आजीने डोळे उघडले नाहीत, पण प्रार्थना संपल्यावर म्हणाली, "बाळा, याला गप्प बसायला शिकव."

त्यासाठी स्क्वेल्च नावाची मर्यादा जुळवावी लागते. तिच्याखालचा आवाज दिवे ऐकत नाहीत. रात्री, घरातले नेहमीचे सगळे चालू असताना, फ्रिज सुरू झाल्यावर, कोणी न बोलता बसावे आणि स्क्वेल्च दहापासून एकेकाने वाढवत जावा. दिवे पूर्ण स्थिर झाले की त्यावर आणखी दोन-तीन वाढवून थांबावे. मग सर्वांत हळू आवाजाच्या माणसाला गायला सांगावे. त्याच्या आवाजाला दिवे उठत नसतील तर मर्यादा जास्त झाली, ती कमी करून मायक्रोफोन त्याच्या जवळ सरकवावा. आपोआप संवेदनशीलता जुळवणाऱ्या एजीसीचे तीन प्रकार आहेत. त्यातला 'लेझी' मी घेतो, कारण दोन कडव्यांमधल्या थांब्यात तो घाईने कान टवकारत नाही. फटाके किंवा बँड जवळ असेल तर एजीसी बंद करून गेन (संवेदनशीलता) हाताने ठेवणे बरे.

एवढे करूनही प्रार्थनेचा भरवसा यंत्रावर ठेवू नये. दोन प्रीसेट, म्हणजे तयार मांडण्या, जतन करावेत: पहिल्यात गाण्याचे सेगमेंट, दुसऱ्यात सगळे झाड एकाच मंद पिवळ्या रंगात, कोणताही इफेक्ट नाही, आणि दोहोंमध्ये बदलताना दोन सेकंदांचा संथ उतार. फोनवर दुसऱ्याला बोट लावले की उजेड हळूच बसतो. वीज जाऊन परत आल्यावर कोणता प्रीसेट लागावा हेही सेटिंगमध्ये सांगता येते; तेथे दुसराच लिहावा, म्हणजे रात्री-अपरात्री वीज आल्यावर झाड दचकून उठत नाही.

उतरवताना माळ शेंड्याकडून सोडवत पुठ्ठ्यावर सैल गुंडाळावी, दिव्याच्या मानेशी तार दुमडू नये, आणि पहिल्या टोकाला चिठ्ठी बांधावी. त्या चिठ्ठीवर स्क्वेल्चचा आकडाही लिहून ठेवावा.