आपली व्हिस्की शोधायची तर आधी धूर ओळखा

अख्खी बाटली आणून पस्तावण्यापेक्षा आधी दोन टोकं चाखा. गोव्यात गेलात तर तिथल्याच पॉल जॉन या कंपनीच्या ब्रिलियन्स आणि बोल्ड या सिंगल माल्टचे (एकाच कारखान्यात, फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून केलेल्या व्हिस्कीचे) ३०-३० मिलीचे पेग मागवा. ब्रिलियन्समध्ये धुराचा मागमूस नाही. बोल्डची बार्ली पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या जळणाच्या धुरावर वाळवलेली, म्हणून तिला धुराची चव. पहिला घोट कोरा, चमचाभरच, जिभेवर नीट फिरवून. वास घेताना नाक ग्लासात खुपसू नका, तोंड किंचित उघडं ठेवा, नाहीतर नुसता अल्कोहोलचा झणका बसतो. मग साधं पाणी, थेंब थेंब. पाच-सहा थेंबांत वास कसा मोकळा होतो बघा. बर्फ नको, गारव्याने वास दबतो. सोडा तर नाहीच. आणि चखना? मसाला पापड, शेव वगैरे नंतर. तिखटाने जीभ पोळली की सहाशेची काय नि सहा हजारांची काय, सारखीच लागते. (चकलीपायी माझी दोन वर्षं अशीच गेली.) बोल्ड आवडली तर पुढे स्कॉटलंडमधल्या आयला बेटाच्या व्हिस्की बघा. धुराने तोंड वाकडं झालं तर स्कॉटलंडमधल्याच स्पेसाइड भागातल्या. तिथल्या बहुतेक बिनधुराच्याच असतात.