जुळ्यासारखे रेणू वेगळे कसे करावेत?

वजन, आकार आणि विद्युत प्रभार जवळपास सारखाच असलेले दोन रेणू गाळून वेगळे होत नाहीत. तिथे कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे बारीक नळीत विजेने रेणू वेगळे करणं, कामी येतं. त्यात वीज ऋण प्रभारित रेणूंना एका दिशेला ओढते आणि द्रव त्यांना उलट दिशेला वाहून नेतो.

आधी नळी. सिलिकाची, सुमारे अर्धा मीटर लांब, आतून ५० ते ७५ मायक्रोमीटर रुंद. नवी नळी सोडियम हायड्रॉक्साइडने, मग पाण्याने, शेवटी बफरने (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाने) धुवा. घाईत हे उरकू नका. धुण्याने आतल्या भिंतीवर ऋण प्रभार उघडा पडतो, त्याला धन आयन बिलगतात आणि व्होल्टेज लावताच ऋणाग्राकडे, म्हणजे ऋण टोकाकडे, सरकताना सगळा द्रव सोबत ओढतात. पंप लागतच नाही!

मग पीएच, म्हणजे द्रावण किती आम्ल आहे ते. खरी मेख इथेच आहे. समजा, दोन आम्लांचे पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू प्रभारित असतात तो आकडा) ४.२ आणि ४.५ आहेत. पीएच ८ ला दोन्ही जवळपास पूर्ण प्रभारित, म्हणजे फरक संपला. पीएच ४.३५ ला मात्र पहिल्याचे ५९ टक्के रेणू प्रभारित असतात, दुसऱ्याचे ४१ टक्के. आरशातल्या प्रतिमेसारख्या जोड्यांना पीएच पुरत नाही. त्यांच्यासाठी बफरमध्ये सायक्लोडेक्स्ट्रिन हा साखरेपासून बनलेला कड्यासारखा रेणू घालतात, ते एकाला जास्त धरून ठेवतं.

नमुना धनाग्राच्या टोकातून सोडा, काही नॅनोलिटरच. जास्त घेतलात तर दोन रेणूंचे पट्टे एकमेकांवर चढतील.

व्होल्टेज टप्प्याटप्प्याने वाढवा आणि दर वेळी विद्युतधारा टिपा. आलेखाची सरळ रेष वर वाकू लागली की नळी तापतेय. त्याच्या खालीच थांबा. उपकरणं ३० किलोव्होल्टपर्यंत जातात, तेव्हा झाकण उघडं ठेवून काम नको आणि घरी तर नकोच.

आता द्रवाचा प्रवाह जुळवा. प्रवाह मिनिटाला १० सेंटीमीटर पुढे नेतो आणि ऋण प्रभारित रेणू ५ आणि ४ सेंटीमीटर मागे खेचले जातात असं धरा. ५० सेंटीमीटर अंतर ते १० आणि साधारण ८ मिनिटांत कापतील. प्रवाह ६ वर आणा, तेच ५० आणि २५ मिनिटांवर जातं. वेळ वाढला की पट्टे थोडे पसरतात, पण अंतर त्याहून जास्त वाढतं. प्रवाह कमी करायला बफरमधले क्षार वाढवा किंवा भिंतीला लेप द्या.

प्रवाह ५ च्या खाली गेला तर पहिला रेणू ऋणाग्राजवळच्या शोधकापर्यंत (रेणू टिपणाऱ्या यंत्रापर्यंत) पोहोचणारच नाही. ४ च्याही खाली गेला तर दोन्ही उलटे जातील, तेव्हा अग्रांची अदलाबदल करा.