बाल्टिक क्रूझला निघालात? शहराचं नाव वाचलंत, धक्क्याचंही वाचा: या चुका टाळा

क्रूझच्या वेळापत्रकात छापलेलं असतं 'बर्लिन'. प्रत्यक्षात जहाज लागतं जर्मनीच्या बाल्टिक किनाऱ्यावरच्या वार्नेम्युंडेच्या धक्क्याला, आणि तिथून बर्लिन सव्वादोनशे किलोमीटरच्या वर आहे. 'पुणे' असं छापून मुंबईच्या धक्क्यावर उतरवावं, तसंच हे, फक्त अंतर दीडपट. जायला अडीच-तीन तास, यायला तेवढेच. मधल्या चार-पाच तासांत ब्रांडेनबुर्ग दरवाजासमोर फोटो काढायचा आणि पुन्हा बसमध्ये बसायचं.

मी या मार्गावर दोनदा गेले. एकदा आम्ही दोघंच होतो, दुसऱ्यांदा सासू-सासऱ्यांना घेऊन. पहिल्या खेपेला बर्लिन गाठलं आणि दिवस बसच्या खिडकीतून गेला. दुसऱ्या खेपेला वार्नेम्युंडेतच राहिलो. पांढऱ्या वाळूचा लांबरुंद किनारा, जुन्या कालव्याकाठी मासळीच्या होड्या, १८९८ चं दीपगृह, आणि लोकल गाडीने वीसेक मिनिटांवर रोस्टॉक. सासरे आजही त्याच दिवसाबद्दल बोलतात. बर्लिन नीट बघायचं असेल तर क्रूझच्या आधी किंवा नंतर तीन दिवस वेगळे काढा.

या सफरीत प्रत्येक बंदरावर साधारण आठ ते दहा तास मिळतात. बहुतेक चुका या तासांनाच खातात, आणि त्यांतल्या निम्म्या धक्का न बघितल्यामुळे होतात.

तुमचं जहाज नेमकं कुठे लागणार?

स्टॉकहोमचंच बघा. जहाज स्टाड्सगोर्डेनच्या धक्क्याला लागलं तर शहरातल्या स्लुसेन भागापर्यंत पायी जाता येतं, आणि तिथून युरगोर्डेन बेटावर जायला छोटी फेरी मिळते. पण बरीच मोठी जहाजं शहरात येतच नाहीत. ती साठेक किलोमीटर दक्षिणेला निनेसहाम्नला थांबतात. तिथून लोकल ट्रेनने शहर गाठायला तासभर लागतो. वेळापत्रकात दोन्हीकडे नाव एकच, 'स्टॉकहोम'. बुकिंगच्या वेळीच विचारा, आणि पर्याय असेल तर शहरात येणारं जहाज घ्या. दोन तास वाचतात हे एक कारण. दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं: शहरात येणारं जहाज बेटांच्या मधून येतं.

स्टॉकहोमसमोर लहानमोठी सुमारे ३०,००० बेटं आहेत. त्यांच्यामधून वाट काढायला जहाजाला तीन-चार तास लागतात. सकाळी आठला धक्का असेल तर पहाटे साडेचारला डेकवर जा. जूनमध्ये तेव्हा चक्क उजाडलेलं असतं. जहाज इतकं हळू चालतं की पाणी कापल्याचा आवाजही येत नाही. आमच्या डाव्या हाताला गेरूच्या रंगाचं एक लाकडी घर गेलं. त्याच्या धक्क्यावर एक बाई पाण्यात पाय सोडून बसली होती, शेजारी कपबशी. तिने हात केला, आम्हीही केला. आमच्या मजल्यावरची बहुतेक माणसं तेव्हा झोपलेली होती आणि साडेआठला न्याहारीच्या रांगेत उभी होती. ही चूक भरून काढता येत नाही, म्हणून गजर लावाच.

कोपनहेगनलाही हाच घोळ. लांगेलिनीचा धक्का जलपरीच्या पुतळ्यापासून चालत दहा मिनिटांवर आहे. ओशनकाय मात्र पार उत्तरेला, शहरापासून लांब. सफर इथून सुरू होणार असेल आणि टॅक्सीवाल्याला नुसतं 'क्रूझ टर्मिनल' सांगितलंत, तर सामानासकट भलत्याच धक्क्यावर उतराल. तिकिटावरचं टर्मिनलचं नाव त्याला दाखवा. पोलंडमध्ये जहाज ग्दिनियाला लागतं, बघायचं असतं ग्दान्स्क. तिथली लोकल पाऊणएक तासात पोचवते, त्यामुळे महागडी सहल घ्यायची गरज नाही. एस्टोनियाच्या टॅलिनला जुनं गाव बंदरापासून पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर आहे.

जुने सल्ले बाजूला ठेवा

दहा वर्षांपूर्वी जाऊन आलेले नातेवाईक हमखास रशियातल्या सेंट पीटर्सबर्गचे किस्से सांगतात. तेव्हा या मार्गाचा मुख्य मुक्काम तोच असायचा. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर मोठ्या कंपन्यांनी तो वगळला. त्याच्या जागी आता लाटव्हियाचं रिगा, लिथुआनियाचं क्लायपेडा, स्वीडनचं व्हिस्बी, पोलंडचं ग्दिनिया अशी बंदरं दिसतात. व्हिस्बीची तटबंदी आणि रिगाचा बाजार ही काही दुय्यम नाहीत. रिगाचा बाजार १९३० मध्ये झेपेलिन हवाईजहाजांच्या जुन्या हँगरच्या सांगाड्यांत उभा राहिला आणि आजही तिथे लोणची, धुरी दिलेले मासे, काळा पाव विकला जातो.

व्हीसा कुठल्या देशाचा?

इथे चुकलात तर सफरच होत नाही. शेंगेन म्हणजे एकाच व्हीसावर फिरता येणारे युरोपातले देश. त्या व्हीसाचा नियम असा: ज्या देशात जास्त दिवस, त्या देशाकडे अर्ज. दिवस सारखे असतील तर आधी प्रवेश कराल तो देश. सफरीच्या आधी-नंतर मिळून तीन रात्री कोपनहेगनला राहणार असाल तर अर्ज डेन्मार्कचा. 'फिनलंडची तारीख लवकर मिळते' म्हणून एक दिवसाच्या हेलसिंकीवर फिनलंडचा अर्ज भरू नका. अधिकाऱ्यासमोर बंदरांची पूर्ण यादी असते, त्याला हे लगेच दिसतं.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. पण उन्हाळ्यासाठी १५ दिवसांच्या भरवशावर राहू नका, फेब्रुवारी-मार्चलाच तारखेच्या मागे लागा. प्रौढांचं शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. पॉलिसीत समुद्रप्रवास धरलाय का ते लेखी विचारून घ्या. भर समुद्रातून हेलिकॉप्टरने रुग्ण हलवायची वेळ आली तर खर्च प्रचंड होतो.

आणखी एक. जहाज इंग्लंडहून सुटणार असेल किंवा मध्येच ब्रिटनचं बंदर असेल, तर ब्रिटनचा व्हीसा वेगळा. शेंगेनमधून बाहेर पडून परत आत यायचं असेल तर शेंगेन व्हीसाही एकापेक्षा जास्त प्रवेशांचा हवा. अर्ज भरतानाच बंदरांची यादी समोर ठेवा.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. विमानतळावर वेळ लागू शकतो. त्यामुळे ज्या दिवशी जहाज सुटतं त्याच दिवशी युरोपात उतरायचं विमान घेऊच नका. आदल्या दिवशी, जमलं तर दोन दिवस आधी पोचा.

घड्याळ

डेन्मार्क, स्वीडन, जर्मनी, पोलंड एका वेळेवर चालतात. फिनलंड आणि तिन्ही बाल्टिक देश (एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया) तासभर पुढे. जहाज मात्र स्वतःच्या वेळेवर चालतं, आणि प्रत्येक बंदरावर ती बदलेलच असं नाही. समजा जहाजाने फिनलंडची वेळ कायम ठेवली आणि तुम्ही स्टॉकहोमला उतरलात. फोन आपोआप तासभर मागे जातो. फोनवर साडेतीन, जहाजावर साडेचार, आणि साडेचारला तुम्ही आत असायला हवं होतं. उपाय साधा आहे: मनगटावर काट्याचं घड्याळ बांधा, ते जहाजाच्या वेळेला लावा, आणि परतीची वेळ फक्त त्यावरच बघा.

फोनची दुसरी गोष्ट: समुद्रात गेल्यावर तो जहाजाचं नेटवर्क पकडतो आणि त्याचे दर छाती दडपवणारे असतात. जहाज सुटलं की एअरप्लेन मोड लावा. जमिनीवर युरोपीय संघातल्या एका देशाचं सिम सहसा बाकीच्या देशांतही चालतं.

'उन्हाळा' म्हणजे आपला उन्हाळा नव्हे

जुलैच्या दुपारी टॅलिनला साधारण २०-२२ अंश. हे ऐकून लोक सुती कपडे भरतात. पण डेकवर वारा असतो, पाऊस कधीही येतो, आणि संध्याकाळ पुण्यातल्या डिसेंबरसारखी गार होते. छत्री वाऱ्यात टिकत नाही, टोपीचं जाकीट न्या. ज्येष्ठांसाठी कानटोपी. डोळ्यांवर बांधायची पट्टीही लागेल, कारण जूनमध्ये हेलसिंकीला सूर्य पावणेअकराच्या सुमारास मावळतो.

स्टॉकहोमच्या वासा संग्रहालयातही स्वेटर लागतो. १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत बुडालेलं ते लाकडी जहाज १९६१ मध्ये वर काढलं, आणि ते जपण्यासाठी आत मुद्दाम गारवा ठेवतात. बाल्टिकचं पाणी कमी खारट, त्यामुळे लाकूड पोखरणारे समुद्रकिडे तिथे जगत नाहीत. म्हणून ३३३ वर्षांनंतरही ते जहाज जवळजवळ अखंड वर आलं. वेळ एकाच संग्रहालयापुरता असेल तर हेच बघा.

तारखा ठरवताना १९ ते २५ जूनमधला शुक्रवार आणि त्याला लागून येणारा शनिवार तपासा. स्वीडन आणि फिनलंडमध्ये तो मध्यउन्हाळ्याचा सण, शहरं ओस पडतात, दुकानं बंद. रविवारी जर्मनी-पोलंडमध्ये खरेदीचा बेत ठेवू नका.

सामान आणि जेवण

इलेक्ट्रिक किटली, हीटिंग कॉइल, छोटा कुकर, इस्त्री, उदबत्ती, मेणबत्ती: आगीच्या भीतीने हे सगळं जहाजावर अडवतात. सासूबाईंची किटली तपासणीतच काढून घेतली आणि सफर संपल्यावर पावतीवर परत दिली. बॅग मात्र त्यापायी रात्री नऊपर्यंत अडकून राहिली, आणि त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्याच बॅगेत. औषधं आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीतच ठेवा.

खाऊ नेताना लक्षात ठेवा, युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, तूप घरी ठेवा. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भाजणीची चकली न्यावी. शाकाहारी किंवा जैन जेवण बुकिंगच्या वेळी कळवा, आणि पहिल्या रात्री मुख्य वेटरला प्रत्यक्ष भेटून पुन्हा सांगा. त्याला आदल्या रात्री सांगितलं की दुसऱ्या दिवशी वेगळा पदार्थ होऊ शकतो.

पैसे

डेन्मार्क आणि स्वीडनचे क्रोन वेगवेगळे, पोलंडचा झ्लोटी तिसरा, बाकी युरो. रोख बदलत बसू नका. स्वीडनमध्ये कित्येक ठिकाणी रोख घेतच नाहीत, स्वच्छतागृहालाही कार्ड. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशी वापर चालू करा आणि पिन पाठ ठेवा. यंत्राने 'रुपये की स्थानिक चलन' विचारलं तर स्थानिक निवडा, नाहीतर दर वाईट मिळतो. नातेवाइकांनी दिलेल्या जुन्या नोटांवर विसंबू नका. स्वीडनच्या जुन्या नोटा २०१७ पर्यंत बाद झाल्या, डेन्मार्कच्या जुन्या नोटा मे २०२५ अखेर.

गुडघे आणि सायकली

टॅलिनचं जुनं गाव गोट्यांच्या फरसबंदीचं आहे. वरच्या टेकडीवर जायला दोन वाटा. त्यांच्या एस्टोनियन नावांचा अर्थ 'लांब पाय' आणि 'आखूड पाय'. आखूड म्हणून लोक दुसरी धरतात, आणि ती पायऱ्यांची निघते. गुडघे दुखत असतील तर पिक याल्ग, म्हणजे लांब पायाची वाट घ्या. ती संथ चढाची आहे. सासूबाई तिने थांबत थांबत वर गेल्या आणि कठड्याशी उभ्या राहून लाल कौलांमागचं आपलं जहाज त्यांनी स्वतः शोधून काढलं.

कोपनहेगनला बसमधून उतरताना आधी उजवीकडे-डावीकडे बघा. सायकलींची वाट फुटपाथला लागूनच असते आणि त्या भरधाव येतात.

आणि जहाज सुटलंच तर

जहाजाने नेलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबतं. स्वतंत्र फिरणाऱ्यांसाठी थांबत नाही. रोज केबिनमध्ये येणाऱ्या कागदावर त्या बंदरातल्या एजंटचा नंबर असतो. खाली उतरताना त्याचा फोटो काढा, सोबत पासपोर्ट आणि व्हीसाची प्रत ठेवा. जहाज गेलं तर आधी त्या एजंटला फोन, मग पुढच्या बंदराचं तिकीट. हेलसिंकीहून टॅलिनला फेरीने दोन-एक तास लागतात, स्टॉकहोमहून हेलसिंकीला रात्रीची फेरी असते. हे सगळे देश शेंगेनमधले, त्यामुळे व्हीसाची अडचण येत नाही. विमानात बॅग हरवली असेल तर विमानतळ सोडण्याआधी तक्रार नोंदवा आणि पत्ता म्हणून हॉटेलचं नाव देऊ नका. जहाजाचं नाव आणि पुढच्या तीन बंदरांच्या तारखा द्या, म्हणजे बॅग तुमच्या मागून पुढच्या धक्क्यावर येऊ शकते.